रस्त्यावरचा धूर आणि खाटेखालचा डास

दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात आमच्या वाडीत एकाच आठवड्यात पाच जणांना डेंग्यूचा ताप आला, आणि ग्रामपंचायतीच्या मासिक सभेत मी जवळजवळ भांडूनच धूर फवारणीचे मशीन विकत घेण्याचा ठराव मंजूर करून घेतला. गुहागर तालुक्यातल्या आमच्या लहानशा गावाच्या मानाने तो खर्च मोठा होता. तरीही पहिल्या दिवशी ते मशीन खांद्यावर घेऊन आमचा शिपाई तिठ्यापासून समुद्राकडे चालत गेला, मागे पांढऱ्या धुराचा लोट आणि त्या लोटात पळणारी मुले, हे दृश्य पाहून आपण काहीतरी भरीव केले असे समाधान मला वाटले. त्यानंतरच्या दोन आठवड्यांत त्याच वाडीत आणखी तिघे आजारी पडले. मी डॉक्टर नाही आणि कीटकशास्त्रज्ञही नाही, सेवानिवृत्त बँक कर्मचारी आहे. मात्र पैसे माझ्या आग्रहाने खर्च झालेले असल्यामुळे ते नेमके कशावर खर्च झाले, हे समजून घेणे मला भाग होते.

त्या पहिल्या संध्याकाळचाच विचार करू. धूर फवारणीत कीटकनाशक डिझेलमध्ये मिसळून तापवतात आणि त्याचे अतिसूक्ष्म थेंब हवेत सोडतात. हे थेंब साधारण ३० मायक्रॉनपेक्षा लहान असावे लागतात, म्हणजे ते काही मिनिटे हवेत तरंगतात आणि त्या वेळात उडणाऱ्या डासाच्या अंगाला लागले तर डास मरतो. जमिनीवर, भिंतीवर किंवा पानांवर मागे राहून पुढचे काही दिवस काम करील इतके औषध त्यात नसते. म्हणजे सारा भरवसा त्या काही मिनिटांत डास कुठे आहे यावर. आमचे मशीन संध्याकाळी साडेसात वाजता रस्त्यावरून गेले. डेंग्यूचा डास, म्हणजे एडिस इजिप्ती, दिवसा चावतो. सकाळी ऊन चढण्यापूर्वी आणि संध्याकाळी सूर्य मावळण्यापूर्वी तो अधिक सक्रिय असतो, आणि उरलेला वेळ घरातच खाटेखाली, कपाटामागे, खुंटीवर टांगलेल्या कपड्यांत बसून काढतो. साडेसातला तो माजघरात विसावलेला होता आणि धुराचा वास नको म्हणून घरोघरी दारे-खिडक्या लावून घेतलेल्या होत्या. त्या दिवशी लाभलेला समुद्रावरचा वारा उरलेला धूर आमराईकडे घेऊन गेला, हे निराळेच. ताशी १५ किलोमीटरपेक्षा अधिक वारा असेल तर धूर फवारणी करू नये, हा नियम मला नंतर कळला. पावसाळ्यात किनाऱ्यावर असा निवांत वारा किती संध्याकाळी मिळतो, ते इथे राहणाऱ्यांना सांगायला नको.

मग पुढचे दोन-तीन दिवस डास कमी झाल्यासारखे का वाटले, असे शेजारच्या काकांनी विचारले होते आणि प्रश्न रास्त होता. संध्याकाळी अंगणात गुणगुणत कानाशी येणारे डास बहुतेक क्युलेक्स जातीचे असतात. ते गटारात आणि शौचालयाच्या टाकीतल्या घाण पाण्यात वाढतात आणि अंधार पडताना बाहेर उडतात, त्यामुळे ते धुरात सापडतात. त्रास देणारे डास मेले आणि डेंग्यू पसरवणारे राहिले, असा तो प्रकार होता. माणसाला जो डास ऐकू येतो तो कमी झाला की त्याला बरे वाटते, आणि एडिस तर फारसा आवाज न करता पायाच्या घोट्याला चावून निघून जातो.

माझे दीर हापूसची बाग करतात. हे सगळे त्यांना सांगितल्यावर ते म्हणाले, "वहिनी, मी मोहोरावर तुडतुड्यांसाठी फवारा मारतो तेव्हा कलमाच्या बाहेरून धूर सोडून मोकळा होत नाही. खोडापासून शेंड्यापर्यंत, पानाच्या खालून, मोहोर भिजेल असा मारतो. आणि तेच औषध दरवेळी मारत नाही." त्यांच्या या एका वाक्याने मला जितके समजले तितके नंतर वाचलेल्या बऱ्याच पानांतून समजले नाही. तुडतुडा कुठे बसतो, कोणत्या अवस्थेत असतो, कोणत्या वेळी मारायचा आणि औषध आलटून पालटून का वापरायचे, हे कोकणातल्या प्रत्येक बागायतदाराला तोंडपाठ असते. तोच माणूस स्वतःच्या घरातल्या डासाबाबत मात्र रस्त्यावरच्या धुरावर विसंबतो. मीही त्यातलीच होते. त्यात भर अशी की, बागेत पालवीवर आणि मोहोरावर वापरले जाणारे डेल्टामेथ्रिन आणि डासांसाठी वापरली जाणारी बरीचशी औषधे एकाच पायरेथ्रॉइड कुळातली आहेत. शेतीतल्या वापरामुळेही डासांमध्ये या औषधांना दाद न देण्याची शक्ती वाढते, असे इतरत्र आढळलेले आहे.

जगभरातल्या अनुभवाकडे पाहिले तर चित्र फारसे वेगळे नाही. घरांच्या आसपास हवेत केल्या जाणाऱ्या अशा फवारणीमुळे डेंग्यू कमी होतो का, हे तपासण्यासाठी २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात १५ अभ्यास एकत्र पाहिले गेले, आणि केवळ या फवारणीच्या भरवशावर राहावे असे सांगण्याजोगा पुरावा त्यांत मिळाला नाही. डासांची संख्या काही काळ घटते, पण ती टिकत नाही. पेरू देशातल्या इकितोस शहरात तर रस्त्यावरून नव्हे, घरांच्या आत शिरून पुन्हा पुन्हा फवारणी करण्यात आली. तिथेही प्रौढ डास बऱ्यापैकी घटले आणि काही आठवड्यांत पुन्हा वाढले. याचे कारण अगदी साधे आहे. धुराने अळी मरत नाही, कोष मरत नाही, अंडे तर नाहीच. पिंपातल्या अळीपासून डास व्हायला पावसाळ्यात आठ-दहा दिवस पुरतात. म्हणजे मंगळवारी धूर सोडला तर पुढच्या आठवड्यात नवी पिढी पंख वाळवत बसलेली असते.

इथवर वाचून कुणाला वाटेल की कीटकनाशक फवारणी ही सगळीच फोल गोष्ट आहे, तर तसे मुळीच नाही, आणि याची साक्ष आमच्याच घरात आहे. माझ्या सासूबाई आता शहाऐंशी वर्षांच्या आहेत. लग्न होऊन त्या या घरात आल्या त्या काळात 'डीडीटीवाले' गावात येत. ते येणार म्हटले की कणगी, भांडी, पाळणा, लोणच्याच्या बरण्या सगळे खळ्यात आणून ठेवावे लागे. मग पंप पायाशी धरून एकजण दट्ट्या मारी आणि दुसरा भिंतीपासून हातभर अंतरावर नळी धरून वरून खाली, खालून वर असे पट्टे ओढी. दारावर तारीख घातली जाई. देवघरात मात्र आजेसासूबाईंनी त्यांना कधीच शिरू दिले नाही. "आधी ढेकूण मेले गो, म्हणून लोक हौसेने मारून घ्यायचे. मग पुढे ढेकूणपण मरेनासे झाले, तेव्हा लोक म्हणू लागले की औषधात पाणी घालतात," असे सासूबाई सांगतात.

त्या पांढऱ्या पट्ट्यांनी जे साधले ते थक्क करणारे होते. १९५३ साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला तेव्हा देशात वर्षाला सुमारे साडेसात कोटी लोकांना हिवताप होत असे आणि त्यातले सुमारे आठ लाख दगावत, असा अंदाज होता. १९६५ पर्यंत रुग्णांची नोंद एक लाखाच्या आसपास आली आणि हिवतापाने मृत्यू झाल्याची नोंद उरली नाही. डीडीटीचा कीटकनाशक गुण शोधणारे पॉल म्यूलर यांना १९४८ साली नोबेल पारितोषिक मिळाले होते, ते का मिळाले हे या आकड्यांवरून कळते.

हे भिंतीवर मारल्याने का घडले, याचे गणित मला फार आवडले, म्हणून ते इथे मांडते. हिवतापाच्या रुग्णाला चावलेल्या अ‍ॅनाफिलीस जातीच्या डासाच्या मादीच्या पोटात गेलेला परजीवी लगेच दुसऱ्याला देता येत नाही. तो तिच्या शरीरात वाढून लाळेत उतरायला दहा-बारा दिवस लागतात. म्हणजे आजार पसरवायचा तर त्या मादीने निदान दहा दिवस जगले पाहिजे. दररोज शंभरातल्या नव्वद माद्या जगत असतील तर दहा दिवसांनी शंभरातल्या पस्तीस उरतात. आता रक्त पिऊन जड झालेली मादी विसावण्यासाठी जवळच्या भिंतीवर बसते, हा तिचा स्वभाव आहे. त्या भिंतीवर दोन-तीन महिने टिकणारे औषध असेल आणि त्यामुळे रोज नव्वदऐवजी सत्तरच जगल्या, तर दहा दिवसांनी शंभरातल्या जेमतेम तीन उरतात. सगळे डास मारण्याची गरजच पडत नाही, त्यांना म्हातारे होऊ द्यायचे नाही एवढेच करायचे असते. धूर त्या एका संध्याकाळपुरता असतो. भिंत मात्र दर रात्री त्या मादीची वाट पाहत असते.

परंतु ज्या स्वभावावर हे सगळे उभे होते तोच त्याचा कच्चा दुवाही होता. औषधाच्या भिंतीवर बसूनही ज्या माद्या वाचल्या, त्यांचीच पुढची पिढी वाढत गेली. ग्रामीण भागातला हिवतापाचा मुख्य वाहक असलेल्या अ‍ॅनाफिलीस क्युलिसिफेसीसमध्ये डीडीटीला न जुमानणाऱ्या पिढ्या तयार झाल्या. मग मॅलॅथिऑन आले, त्यानंतर पायरेथ्रॉइड आली. यश मिळाले असे वाटून देखरेखही सैल झाली होती, आणि १९७६ साली देशात चौसष्ट लाखांहून अधिक रुग्ण नोंदले गेले. शेतीतला डीडीटीचा वापर आपल्याकडे १९८९ साली बंद झाला आणि ते केवळ आरोग्यासाठी राखून ठेवले गेले.

कोकणात आणखी एक अडचण होती, जी मला कोणत्याही पुस्तकात सापडली नाही. ती सासूबाईंनीच सांगितली. भिंतीवरच्या औषधाचा थर टिकायचा असेल तर फवारणीनंतर काही महिने त्यावर सारवण, चुना किंवा रंग चढता कामा नये. आणि आमच्याकडे गणपती भाद्रपदात येतात! पावसाळ्याच्या तोंडावर मारलेल्या औषधावर गणपतीच्या आधी घरोघरी चुन्याचा हात फिरत असे. मुंबईची माणसे येणार, मखर सजणार, आणि भिंतीवर ते पांढरे-पिवळे ओघळ कोण ठेवणार? मातीच्या भिंती औषध शोषून घेतात, त्यामुळे त्यांच्यावर ते लवकर निकामी होते, हा भाग तर वेगळाच. ऐन हंगामात गावच्या गाव औषधावर चुना फासून मोकळे होत होते आणि यात कुणाचाही दुष्टावा नव्हता.

आता प्रश्न असा की, भिंतीची ही युक्ती डेंग्यूला का लावता येत नाही? लावता येते, पण ती फार कष्टाची आहे. एडिस उघड्या भिंतीवर फारसा बसत नाही, तो अंधाऱ्या, खालच्या जागा शोधतो. ऑस्ट्रेलियातल्या केर्न्स शहरात २००८-०९ च्या डेंग्यू साथीत रुग्णांच्या संपर्कातल्या घरांमध्ये नेमके भिंतीच्या खालच्या भागावर, फर्निचरच्या तळाशी आणि अंधाऱ्या कोपऱ्यांत टिकाऊ औषध मारण्यात आले. अशा घरांत पुढे डेंग्यू पसरण्याची शक्यता न फवारलेल्या घरांच्या तुलनेत ८६ ते ९६ टक्क्यांनी कमी झाल्याचे आढळले. आकडा डोळे दिपवणारा आहे. पण त्यासाठी प्रत्येक रुग्णाचा माग काढणारी माणसे हवीत, एकेका घरात बराच वेळ देणारा प्रशिक्षित फवारणीवाला हवा, आणि घरातल्या लोकांनी त्याला खाटेखाली वाकू द्यायला हवे. आमच्या उपकेंद्रात एक आरोग्य सेवक आहे आणि त्याच्याकडे सात वाड्या आहेत.

त्याच आरोग्य सेवकाबरोबर मी गेल्या वर्षी मे आणि जून महिन्यांत घरोघरी फिरले. खरे सांगायचे तर मशीनबद्दलचा माझा उरलासुरला अभिमान त्या फिरण्यात संपला. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या या पट्ट्यात एप्रिल-मेमध्ये विहिरी तळाला जातात, म्हणून लोक पिंपे, हंडे, सिमेंटच्या टाक्या भरभरून ठेवतात आणि पाणी जपायचे म्हणून ती आठवडा-आठवडा रिकामी करत नाहीत. डास जूनमध्ये पावसाबरोबर येतो असे आपण म्हणतो, पण त्याची पैदास मे महिन्यात आपल्याच मोरीत सुरू झालेली असते. पाऊस पडला की मग आगरातली प्रत्येक वस्तू भांडे होते. नारळाच्या करवंट्या, पोफळीच्या गळून पडलेल्या विऱ्या (झावळीची खोलगट बुडे), लाकडांवर टाकलेल्या निळ्या ताडपत्रीच्या घड्या, होडीला लावण्यासाठी आणलेले जुने टायर, गोठ्यातली दगडी डोण, सगळ्यांत पाणी साचते. बागेतल्या अशा पाण्यात एडिसचीच दुसरी जात, एडिस अल्बोपिक्टस, वाढते आणि तीही डेंग्यू पसरवू शकते. आगरात धूर सोडून ती संपेल, असे आता मला कुणी सांगितले तर मी त्याला पोफळीखाली उभा करून विऱ्या मोजायला लावीन.

एका घरात पिंप रिकामे केलेले दाखवून बाई अभिमानाने म्हणाल्या की, आम्ही दर शनिवारी कोरडा दिवस पाळतो. सेवकाने पिंपाच्या आतल्या कडेवर बोट फिरवले. "काकी, हे काळे ठिपके घासून काढा, नुसते ओतून उपयोग नाही. ही अंडी महिनोन् महिने सुकी राहतात आणि पाणी लागले की फुटतात." पाण्याच्या रेषेच्या किंचित वर चिकटलेली ती अंडी मी प्रथमच पाहिली. आणि मग त्याने आमच्या घरी येऊन फ्रिजच्या मागची थाळी ओढून काढली. त्यात अळ्या वळवळत होत्या. ग्रामपंचायतीत मशीनसाठी भांडणाऱ्या सदस्येच्या घरातल्या अळ्या! त्या आमच्या वाडीत कुणी अजून विसरलेले नाही.

ज्या टाक्या रिकाम्या करणे शक्यच नाही त्यांत तो टेमिफॉस हे अळ्या मारणारे औषध घालतो. लिटरमागे एक मिलिग्रॅम इतके अल्प प्रमाण पुरते आणि त्या प्रमाणात ते पिण्याच्या पाण्यातही चालते, तरी लोक विहिरीत घालू देत नाहीत. त्यांना अळ्या खाणारे गप्पी मासे अधिक पटतात. आमच्या किनाऱ्याच्याच दक्षिणेला, गोव्यातल्या कांदोळी भागात, १९९० च्या दशकात बांधकामांच्या साचलेल्या पाण्यामुळे हिवताप वाढला होता. तिथे फवारणी आणि धुरावर विसंबण्याऐवजी साचलेल्या पाण्यात दर आठवड्याला बीटीआय हे जिवाणूजन्य अळीनाशक टाकले गेले, आणि विहिरी-हौदांत तिथल्याच पाण्यात राहणारा, डोक्यावर चमकदार ठिपका असलेला एक छोटा मासा सोडला गेला. हिवताप कमी झाला. आमच्याकडच्या पाणी भरलेल्या जुन्या चिरेखाणींत असे काही करावे, हा माझा प्रस्ताव अजून कागदावरच आहे.

मशीन आम्ही टाकून दिलेले नाही. रुग्ण सापडला की त्याच्या आणि आसपासच्या पन्नासएक घरांच्या आत, दारे-खिडक्या बंद करून, घरातली माणसे, मासळीची टोपली आणि मांजर बाहेर काढून पायरेथ्रम या कीटकनाशकाची फवारणी हातपंपाने केली जाते, सकाळी किंवा पाचच्या सुमारास, आणि आठवड्याने पुन्हा. विषाणू अंगात असलेले डास त्या क्षणी घरात बसलेले असतात, म्हणून तेव्हा त्यांना मारण्यात अर्थ असतो. मोठी साथ आली तर रस्त्यावरचे मशीनही बाहेर निघेल, पण ते आधी अळ्यांचे काम झाल्यावर. ग्रामसभेत मात्र दरवर्षी एकजण उठून विचारतोच की, मशीन घेतले ते काय शोभेला? त्याला मी दोष देत नाही. धूर दिसतो, घासलेले पिंप दिसत नाही, आणि मते मागायला जाताना दिसणारी गोष्ट हाताशी असलेली बरी, हे मलाही ठाऊक आहे.

यंदा डिझेलसाठी ठेवलेल्या रकमेतून शौचालयांच्या वायुनळ्यांना बांधायला जाळी आणि उघड्या टाक्यांना झाकणे घेतली. त्यातून सुटणारी नाहीत ती बंद घरे. आमच्या वाडीतल्या एकोणीस घरांना बारा महिन्यांपैकी अकरा महिने कुलूप असते. माणसे मुंबईला किंवा पुण्याला, गच्चीवरची टाकी अर्धी भरलेली, मागच्या मोरीत बादली तशीच. सेवक कुंपणाबाहेरून पाहून 'घर बंद' असे वहीत लिहितो आणि पुढे जातो. गणपतीला घर उघडते, ताप घेऊन आलेला एखादा चाकरमानी आणि टाकीतून निघालेले डास एकाच छपराखाली पाच दिवस राहतात. म्हणून गेल्या गणपतीत विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी मी घरोघर जाऊन चाव्या मागितल्या. काहींनी हसून टाळले, एकाने दागिन्यांची चौकशी केली. तरी अकरा जणांनी दिल्या. आमच्या पडवीतल्या खुंटीवर त्या अकरा चाव्या प्रत्येकीला नावाची चिठ्ठी बांधून टांगलेल्या आहेत, आणि मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी मी, सेवक आणि आशाताई त्या घेऊन निघणार आहोत.